मुळशी आणि ‘सार्वजनिक’ शब्दाचा अर्थ

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी कागदपत्रे चाळणाऱ्यास ‘कंपनी सरकार’ हा जोडशब्द वारंवार आढळतो. ह्या दोन पदांचा परस्परसंबंध काय असावा, याविषयी इंग्लंडच्या पार्लमेंटात पुष्कळ काथ्याकूट झाला. १८१३ मध्ये कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातील मक्तेदारी गेली, १८३३ मध्ये तिचा व्यापारच बंद करण्यात आला, आणि १८५८ मध्ये राज्यही राणीकडे गेले. आमच्या खेड्यापाड्यांतील माणसास ह्या सनदांची वार्ता असण्याचे कारण नव्हते. जो व्यापार करावयास आला तोच सारा वसूल करू लागला, एवढे त्याने डोळ्यांनी पाहिले व त्याप्रमाणे नाव ठेवले. पुढे कागदोपत्री कंपनी निराळी व सरकार निराळे झाले. परंतु एक कंपनी जाऊन अनेक कंपन्या आल्या, आणि त्यांच्या पाठीशी सरकार उभे आहे हा लोकांच्या मनातील संशय काही गेला नाही. हा संशय केवळ अडाणीपणाचा, असे मानण्याकडे सुशिक्षितांचा कल असतो. तो किती सकारण होता, हे मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांच्या लढ्यावरून पाहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मात्र मुळशीस पोहोचण्यापूर्वी थोडे मागे जाणे प्राप्त आहे.

१७ ऑगस्ट १८४९ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा जो करार झाला, त्यात भागधारकांस भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली होती. उत्पन्न कमी पडले तर तूट भरून द्यावयाची ती हिंदुस्थानच्या तिजोरीतून. शिवाय रुळांसाठी लागेल ती जमीन सरकारने विनामूल्य मिळवून द्यावयाची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली तेव्हा ती पाहण्यास लोटलेल्या लोकांस ह्या अटी ठाऊक नव्हत्या. कंपनी खाजगी, पण तिची जोखीम व तिची जमीन सरकारी, असा हा नवा संसार होता.

मुंबईकरांस ह्या संसाराची झळ लवकरच लागली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाचे भाव आकाशास भिडले, पैशाचा पूर लोटला आणि शेअरांचे वेड शहरभर पसरले. बँक ऑफ बाँबे ही १८४० साली स्थापन झालेली पेढी. तिच्यात सरकारचे भाग होते व संचालकांपैकी काही सरकारने नेमलेले असत. साहजिकच लोकांनी तिला सरकारी पेढी मानले. तिने मात्र सट्टेवाल्यांस शेअरांच्या तारणावर आणि प्रसंगी त्याहूनही तकलादू आधारावर कर्जे दिली. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि त्या वर्षीची १ जुलैची वायद्याची मुदत भरताच मातबर घराणी बुडाली. पेढीचेही १८६८ मध्ये विसर्जन करावे लागले. चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ बसले आणि कारभारातील बेफिकिरी चव्हाट्यावर आली. ज्या सामान्य लोकांनी तीत पैसे गुंतविले होते त्यांचा विश्वास मुळात पेढीवर नव्हता, सरकारच्या नावावर होता. हे नाव वापरू देणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न तेव्हापासून आपल्याकडे उपस्थित झाला आहे.

ह्या पार्श्वभूमीवर १८७० हे साल विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या २ एप्रिलला पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचे मूळ फार मोठ्या राजकारणात नव्हते. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत कुरबुर होती, आणि ती मांडावयाची तर मांडणारा कोणाच्या वतीने बोलतो हे आधी ठरावयास हवे होते. गणेश वासुदेव जोशी व त्यांचे सहकारी यांनी यास जे उत्तर शोधले ते आमच्या मते त्या पिढीच्या राजकीय बुद्धीचा उत्तम नमुना आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम त्यांनी केला. आरंभीच्या ९५ सभासदांपाठीमागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या. जोशी यांस लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले ते उगीच नव्हे. सार्वजनिक म्हणजे ज्यास पुष्कळांनी आपल्या हाताने संमती दिली आहे ते, असा त्या शब्दाचा अर्थ ह्या नियमाने बांधून दिला.

योगायोग असा की, त्याच १८७० साली हिंदुस्थान सरकारने जमीन संपादनाचा दहावा कायदा केला. तो सुधारून १८९४ चा पहिला कायदा झाला, आणि हाच पुढे शंभरांहून अधिक वर्षे चालला. त्यातही ‘सार्वजनिक’ हाच शब्द आहे, पण त्याचा अर्थ अगदी निराळ्या रीतीने ठरतो. अमुक जमीन सार्वजनिक कामासाठी अथवा एखाद्या कंपनीसाठी हवी आहे असे सरकारने एकदा जाहीर केले, की ते जाहीर करणे हाच तशी गरज असल्याचा निर्णायक पुरावा होय, असे सहाव्या कलमात स्पष्ट म्हटले होते. निर्णायक म्हणजे ज्याविरुद्ध पुरावा देता येत नाही असा. जमीनधारकाने न्यायालयात जावे, परंतु ते मोजणी, रक्कम आणि ती कोणी किती घ्यावी एवढ्यापुरतेच. बाजारभाव व त्यावर सक्तीबद्दल शेकडा पंधरा असा हिशेब मिळावयाचा. कंपनीचे काम लोकांस उपयोगी पडण्याजोगे आहे, अशी चौकशीअंती सरकारची खात्री पटली म्हणजे पुरे होते. ज्याची जमीन जावयाची त्याची हरकत ऐकून घेतलीच पाहिजे, असे मूळ कायद्यात कोठेही नव्हते. पुण्याच्या सभेस पन्नास सह्या लागत. ह्या कायद्यास गॅझेटातील एक जाहीरनामा पुरे होता.

आता मुळशीकडे वळू. पुण्याच्या पश्चिमेस सुमारे पंचवीस मैलांवर, सह्याद्रीच्या कुशीत, मुळा आणि निळा ह्या नद्यांचा संगम होतो. पाऊस मुसळधार, जमीन डोंगरउताराची. पण तळाशी जी खाचरे आहेत त्यांत आंबेमोहोर उत्तम पिके. मावळ्यांच्या कित्येक पिढ्यांनी दगड वेचून, बांध घालून ही खाचरे तयार केली होती. भातशेतीचे खाचर हे नांगरटीच्या शेतासारखे नसते. ते बांधीव असते, घरासारखे. ते बुडाले तर त्याच मोलाने दुसरीकडे विकत मिळत नाही, ही गोष्ट नुकसानभरपाईच्या कोष्टकात मावणारी नव्हती.

टाटांच्या जलविद्युत् योजनांचा आरंभ याआधीच झाला होता. १९१० मध्ये पहिली कंपनी निघाली. लोणावळ्याच्या बाजूस पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीस सोडण्यात आले, आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. दुसरी कंपनी आंध्र खोऱ्यासाठी, आणि तिसरी, म्हणजे १९१९ मध्ये स्थापन झालेली टाटा पॉवर कंपनी, मुळशीसाठी. कल्पना मोठी होती, हे मान्य केलेच पाहिजे. पूर्वेकडे भीमेस व पुढे कृष्णेस मिळणारे पाणी संगमापाशी अडवावयाचे, ते बोगद्याने कड्यापर्यंत न्यावयाचे, आणि कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडावयाचे. दूरदेशीच्या कोळशावाचून गिरण्या चालतील, धूर कमी होईल, आणि हे सारे हिंदी भांडवलाने. स्वदेशीच्या चळवळीत वाढलेल्या वाचकांच्या पिढीस ह्याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच होते.

पण ह्या अभिमानाचे मोल पन्नासाच्या आसपास गावे आणि दहा हजारांवर माणसे यांनी द्यावयाचे होते. संपादनाची कायदेशीर पूर्तता होण्यापूर्वीच कंपनीच्या माणसांनी शेतांत चाचणीचे चर खणले. एका शेतकऱ्याने हरकत घेतली तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्याने त्याजवर पिस्तूल रोखले, असे ह्या लढ्याच्या इतिहासांत नमूद आहे. ही घटना लहान आहे, परंतु सर्व प्रकरणाचे बीज तीत आहे. तो अधिकारी कंपनीचा नोकर होता. तरी त्याच्या हातातील पिस्तूल त्या मावळ्यास सरकारचेच वाटले असल्यास त्यात नवल नाही. ‘कंपनी सरकार’ हा जुना शब्द त्यास शिकवावा लागला नसेल.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या सत्याग्रहास प्रारंभ झाला. (अडुसष्ट वर्षांपूर्वी ठाण्याची गाडी सुटली तीही ह्याच तारखेस.) मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले व काम थांबविले. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव हिंडून लोकांस उभे केले होते. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांजकडे आले, आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांस लोकांनी ह्याच लढ्यात दिली. बापट हे स्वतः एडिंबरोस यंत्रशास्त्र शिकण्यास गेलेले गृहस्थ. यंत्र म्हणजे काय हे न समजल्यामुळे ते यंत्राविरुद्ध उभे राहिले, असा आक्षेप त्यांजवर घेता येणार नाही. मे महिन्याच्या आरंभी काम सहा महिने थांबविण्याचे ठरले. मुदत सरली, काम पुन्हा सुरू झाले, आणि डिसेंबर १९२१ पासून लढ्याचे दुसरे, अधिक कठीण पर्व चालू झाले. शिवरामपंत परांजपे यांच्यासारखे वयोवृद्ध संपादक आणि शंकरराव देवांसारखे तरुण कार्यकर्ते तुरुंगात गेले. मावळ्यांबरोबर त्यांच्या स्त्रियाही सत्याग्रहात होत्या.

गांधीजींनी आरंभी, एप्रिल १९२१ मध्येच, ‘यंग इंडिया’त टाटांस उद्देशून लिहिले. कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी विचारविनिमय करावा, आणि एकाही गरिबाची इच्छा मोडून ही देणगी देशास देऊ नये, असा त्याचा आशय होता. कायद्याने जो प्रश्न विचारूच दिला नव्हता तोच त्यांनी विचारला: ज्यास आपण सार्वजनिक हित म्हणता त्यास ह्या माणसांची संमती आहे काय? ह्या प्रश्नास कोणाकडूनही सरळ उत्तर आले नाही. योजना किती लाभदायक आहे याचे आकडे पुढे आले, भरपाई किती उदार आहे याचे आकडे पुढे आले. संमतीचा आकडा मात्र कोणी मांडला नाही, कारण तो कोणी काढलाच नव्हता.

येथपर्यंतचा इतिहास सांगताना लेखणी सहज चालते. पुढचा भाग आम्हां मध्यमवर्गीयांस अडचणीचा आहे, व म्हणूनच तो टाळणे बरे नव्हे. मुळशी खोऱ्यातील बरीचशी जमीन गहाणात अथवा मालकीत पुण्याच्या सावकारांकडे होती. ती कसणारे मावळे पुष्कळ ठिकाणी केवळ कुळे होती. मोबदला देऊन जमीन घेतली जाणार हे निश्चित झाल्यावर लढ्यात दोन तट पडले. ज्यांचे पैसे जमिनीत अडकले होते त्या सावकार-मालकांस रोख रक्कम ही आपत्ती नव्हती. किंबहुना बुडीत वाटणारे येणे सरकारी तिजोरीतून वसूल होण्याची ती संधी होती. त्यांचा वाद उरला तो दराचा. कुळास मात्र दर कितीही वाढला तरी हाती काय येणार? त्याचे नाव त्या काळच्या कागदांत मालक म्हणून नव्हते, आणि कुळास संरक्षण देणारे मुंबई इलाख्याचे कायदे १९३९ व १९४८ चे, म्हणजे धरण बांधून झाल्यानंतरचे. पुण्याच्या सभांतून ‘शेतकऱ्यांच्या वतीने’ म्हणून जे बोलले गेले त्यातील किती भाग कसणाराच्या वतीने होता व किती धनकोच्या, याची फोड त्या वेळी क्वचितच झाली. मुखत्यारपत्राचा नियम काढणाऱ्या शहरात ही फोड होऊ नये, याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते. सरकारवर व कंपनीवर अविश्वास दाखविणाऱ्यांनी आपल्याच पंक्तीतील हितसंबंध तपासले नाहीत, आणि लढा आतून पोखरला गेला.

१९२४ पर्यंत चित्र पालटले होते. बहुसंख्य लोकांनी मोबदला स्वीकारला, बांधकाम पुष्कळ पुढे गेले, आणि गांधीजींनीही चळवळ सोडून द्यावी असा सल्ला दिला. तिचा नायक अहिंसेस पूर्णपणे मानणारा नाही, हेही एक कारण त्यांनी दिले. ते खोटे नव्हते. बापटांची ‘शुद्ध सत्याग्रहा’ची कल्पना गांधींच्या कल्पनेहून भिन्न होती, आणि त्याच वर्षी काही साथीदारांसह कंपनीच्या कामाची गाडी अडवून त्यांनी ते कृतीने सिद्ध केले. सात वर्षांची शिक्षा झाली. ह्या कृतीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु हरकत नोंदविण्याचे दार कायद्याने बंद ठेविले आणि वाटाघाटीचे दार पैशाच्या दरापुरतेच उघडले, म्हणजे उरलेली माणसे रुळांवर येतात, एवढे समजून घेण्यास समर्थनाची गरज नाही. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

टाटांचे घराणे त्या काळच्या उद्योगपतींत निकृष्ट नव्हते. उलट त्याच्या औदार्याचे दाखले पुष्कळ आहेत. म्हणूनच मुळशीचा प्रश्न व्यक्तींच्या सज्जनपणाने सुटत नाही. एखाद्या लोभी कंपनीने हे केले असते तर दोष लोभास देऊन मोकळे होता आले असते. येथे कंपनी स्वदेशी, काम उपयुक्त, मोबदला कायदेशीर. आणि तरीही ज्याची जमीन गेली त्यास ‘का’ म्हणून विचारण्याची सोय नव्हती. अविश्वासाचे मूळ तेथे होते.

कायद्याचा पुढील इतिहास ह्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. लढा चालू असताना, १९२३ साली, मूळ कायद्यात ५-अ हे कलम घालण्यात आले आणि जमीनधारकास तीस दिवसांत हरकत घेण्याचा व आपले म्हणणे मांडण्याचा हक्क प्रथमच मिळाला. हरकतीवरील निर्णय मात्र सरकारचाच, आणि तोही अंतिम. स्वराज्य आल्यानंतर कानपूरच्या एका कारखान्यासाठी घेतलेल्या जमिनीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कारखान्याचा माल लोकांस उपयोगी पडतो एवढ्याने भागत नाही, ते काम प्रत्यक्षच लोकोपयोगी असले पाहिजे, असा निकाल न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. निकाल कंपन्यांस गैरसोयीचा होता. संसदेने १९६२ मध्येच कायदा दुरुस्त करून ही गैरसोय दूर केली. राज्य आपले झाले म्हणून ‘कंपनी सरकार’ ह्या शब्दाची जोडणी आपोआप सुटली नाही, हे एवढ्यावरून दिसते.

१८९४ चा कायदा ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत जिवंत राहिला. त्याच्या जागी आलेल्या कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी शेकडा ८० जणांची पूर्वसंमती आवश्यक ठरविली. सार्वजनिक काकांचा नियम जवळजवळ दीडशे वर्षांनी कायद्याच्या पुस्तकात आला असे म्हणावेसे वाटते, पण कलमे बारकाईने वाचावी लागतात. बाधित कुटुंबांच्या व्याख्येत कुळे व शेतमजूर आहेत, आणि पुनर्वसनाचा लाभ त्यांस मिळावयाचा आहे. संमती मोजताना मात्र ज्यांची स्वतःची जमीन वा मालमत्ता जाते, अथवा ज्यांस सरकारी योजनेतून जमीन मिळाली आहे, तेवढीच कुटुंबे धरावयाची आहेत. मुळशीचे कूळ ह्या मोजणीत आजही बसत नाही.